एजंटमार्फत रीसेल फ्लॅट घेताना: ब्रोकरेज, टोकन आणि कागद (फक्त महाराष्ट्रापुरतं; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

साठेखत

एजंटशी होणारी भांडणं बहुतेक एकाच ठिकाणी सुरू होतात. घर आवडतं, टोकन (घर धरून ठेवायला आगाऊ रक्कम) दिलं जातं आणि मग ब्रोकरेज किती यावर बोलणं निघतं. तोवर घासाघीस करायला हातात काही उरलेलं नसतं. म्हणून पहिलं घर बघायला निघण्याआधीच एजंटला व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका आणि त्याच्याकडून होकार लेखी घ्या. स्वतंत्र करार म्हटलं की बरेच जण काचकूच करतात, पण मेसेजला 'ओके' लिहायला कुणाची हरकत नसते.

मेसेजमध्ये काय हवं? किती टक्के, आणि कशाचे: बोललेल्या किमतीचे की करारात लिहिलेल्या किमतीचे. जीएसटी धरून की वर. पैसे कधी. व्यवहार मोडला तर काय. आणि त्या पैशांत तो काय काय करून देणार.

खरेदीदाराकडून १ ते २ टक्के आणि विकणाऱ्याकडून वेगळे, अशी साधारण पद्धत आहे. ती पद्धतच, कायद्याने दर ठरवलेला नाही. '२ टक्के म्हणजे फिक्स असतं' असं कोणी म्हणालं तर तो बोलीचा पहिला आकडा समजा. जीएसटी १८ टक्के, पण एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तरच. सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे छोट्या एजंटने जीएसटी नंबर न देता '१८ टक्के वर' मागितले तर सरळ नाही म्हणा.

पैसे कधी, यावर माझं मत: अर्धे साठेखत (विक्रीचा करार) नोंदल्यावर, अर्धे ताबा आणि सोसायटीचे ट्रान्सफरचे कागद हातात आल्यावर.

कोपऱ्यावरचा_ब्रोकर

शेवटचं सोडून सगळं मान्य. ब्रोकरेज नोंदणीच्या दिवशी पूर्ण, अशीच बाजारात रीत आहे. कारण साधं आहे, नोंदणीनंतर दोन्ही पार्ट्या फोन उचलत नाहीत. बँकेकडून कर्जाची रक्कम यायला उशीर झाला, ताबा तीन महिने पुढे गेला, यात आमचा काय दोष?

मधला मार्ग सांगतो: ७५ टक्के नोंदणीला, २५ टक्के ताब्याला. याला आमच्यातले बरेच जण तयार होतात. पण हेही आधीच बोला. नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभं राहून नको.

आणि एक प्रश्न सगळ्यांनी विचारावा असा: 'घरमालकाशी थेट बोलणं तुमचं आहे, की मध्ये अजून कोणी आहे?' आमच्या ग्रुपवर एकच फ्लॅट दहा जणांकडे फिरत असतो. मालकाशी एकाचंच बोलणं असतं, बाकीचे त्याच्यामार्फत. मध्ये दोन एजंट असले की निरोप पोचायला वेळ लागतो, किमतीचा आकडा वाटेत बदलतो आणि वाटणीवरून त्यांच्यातच जुंपली की तुमचा व्यवहार लटकतो. ब्रोकरेज एकूण तेवढंच, त्यांनी आपसात वाटून घ्यायचं, हे लिहून घ्या.

कलम_२१९

थोडा कायदा, कारण इथेच लोक घाबरून पैसे देतात.

भारतीय करार कायदा, १८७२. कलम २१९: वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. म्हणजे घर दाखवलं, टोकन झालं, पण विकणारा फिरला, तर 'माझं काम झालं' हा दावा टिकवायला त्याच्याकडे तसा करार लागतो. कलम २२०: कामात गैरवर्तन केलं असेल तर त्या भागाचा मोबदला मागता येत नाही. कलम २१५ आणि २१६ तर फार कमी लोकांना माहीत असतात. एजंटने तुम्हाला न सांगता स्वतःचाच, किंवा दुसऱ्याच्या नावाआडून स्वतःचा फ्लॅट तुम्हाला विकला, तर परिस्थितीनुसार व्यवहार नाकारता येतो किंवा त्याचा त्यातला फायदा मागता येतो.

मात्र ही कलमं 'तुमच्या' एजंटला लागू होतात. तो फक्त विकणाऱ्याकडून बोलत असेल तर तुमच्याप्रति त्याची जबाबदारी फार थोडी. आपल्याकडे एकच माणूस दोन्हीकडून पैसे घेतो, त्यामुळे 'मालक शेवटी किती पर्यंत उतरेल' हे त्याला माहीत असतं आणि 'तुम्ही किती पर्यंत चढाल' हेही. तुमचा वरचा आकडा त्याला कधीच सांगू नका. बजेट विचारलं तर जिथून बोली सुरू करायची तोच आकडा द्या.

नकाशा_आणि_नाव

एजंटकडे रेरा (स्थावर मालमत्ता नियमन कायदा) नंबर असला की कुठल्याही फ्लॅटच्या व्यवहारात तिथे दाद मिळते, असा गैरसमज असतो, आधी तो दूर करतो.

महारेरात, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेल्या एजंटचा क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी'ने. नोंदणी ५ वर्षांसाठी असते, त्यामुळे कार्डावर छापलेला नंबर संकेतस्थळावर टाकून मुदत संपली नाही ना ते बघा. २०२४ च्या सुरुवातीपासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षेचं सक्षमता प्रमाणपत्रही लागतं. नोंदणी न करता नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्याला दिवसाला १०,००० रुपये दंड आहे, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत.

पण हे सगळं नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. पंधरा-वीस वर्षं जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट रेराच्या कक्षेत येत नाही. तिथे एजंटने फसवलं तर महारेराकडे दाद मिळेल या भरवशावर राहू नका. तरीही नंबर असलेला एजंट घ्या, कारण त्याला गमवायला काहीतरी असतं.

मीटर_रीडिंग

@नकाशा_आणि_नाव, यात नव्या बांधकामाची एक ओळ वाढवतो. तिथे एजंटला, म्हणजे चॅनल पार्टनरला, बिल्डर पैसे देतो, खरेदीदाराने द्यायचे नसतात. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तुमच्या मोबाइल नंबरसमोर ज्याचं नाव लिहिलं जातं, त्याच्या खात्यावर तुम्ही 'टॅग' होता. नंतर थेट गेलात तरी ठरावीक मुदतीत तो टॅग सुटत नाही. थेट जाऊन सवलत मागायची असेल तर कुठल्याही पोर्टलवर नंबर टाकण्याआधीच जा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३.

साठेखत

टोकनकडे येऊ. सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात.

टोकन कधीही एजंटच्या खात्यात नाही. विकणाऱ्याच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन. मालक दोन असतील तर दोघांच्या सह्यांची पावती. रोख तर नाहीच: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. 'टोकन द्या, बाकी कागद मग बघू' असं एजंट म्हणतो, कारण टोकन पडलं की खरेदीदार दुसरीकडे बघणं थांबवतो. उलटं करा. इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सदस्यत्वाचा कागद) आणि आधीच्या करारांच्या झेरॉक्स वकिलाकडे गेल्या की टोकन.

पावतीत शर्ती नसतील तर तिचा उपयोग फक्त पैसे दिल्याचा पुरावा एवढाच. मजकूर साधारण असा असावा:

'फ्लॅट क्र. …, चटई क्षेत्र … चौ. मी., पार्किंग क्र. …, एकूण ठरलेली किंमत रु. …. टोकन रु. … दि. … रोजी खात्यात जमा. साठेखत दि. … पर्यंत. पुढील कारणांनी व्यवहार न झाल्यास टोकन ७ दिवसांत बिनव्याजी व संपूर्ण परत: (१) वकिलाच्या शोध अहवालात मालकीत दोष, (२) मालमत्तेच्या कागदांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारणे, (३) विक्रेत्याने माघार घेणे. साठेखतापर्यंत विक्रेता इतर कोणाकडून टोकन घेणार नाही.'

दुसरी शर्त नीट वाचा. तुमच्या पगारामुळे किंवा सिबिलमुळे (कर्जफेडीच्या इतिहासाच्या गुणांमुळे) कर्ज नाकारलं तर विक्रेता टोकन परत करायला बांधील राहत नाही. म्हणून कर्जाची पूर्वमंजुरी टोकनच्या आधी.

गच्चीवरचा

'उद्या दुसरी पार्टी टोकन घेऊन येतेय' यावर काय करायचं?

कोपऱ्यावरचा_ब्रोकर

कधी खरं असतं, कधी नसतं, हे आमचाच माणूस म्हणून सांगतो. ओळखायचा उपाय म्हणजे कागद मागा. खरंच घाईतला मालक झेरॉक्सची फाइल संध्याकाळपर्यंत पाठवतो. 'पार्टी उभी आहे' पण शेअर सर्टिफिकेट 'गावच्या घरी आहे', असं असेल तर तिथे पाणी मुरतंय.

घर दाखवायची वेळही बघा. आम्ही उजेडाची वेळ निवडतो, त्यात लबाडी नाही, पण तुम्ही पाण्याच्या वेळेला आणि रात्री एकदा स्वतः जा. गेटवरच्या वॉचमनला टँकर येतो का, लिफ्ट किती बंद असते, एवढं विचारलं तरी पुरतं.

चेन_पूर्ण

कागद. एजंट 'टायटल क्लिअर आहे' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक एवढंच म्हणायचं असतं की मालक भेटला आणि चावी त्याच्याकडे आहे.

बिल्डरकडून पहिल्या मालकाला झालेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक दस्त हवा, त्याच्या नोंदणीच्या पावतीसह. यालाच चेन म्हणतात. मधला एक दस्त नोंदलेला नसेल, किंवा मुद्रांक कमी भरलेला असेल, तर बँक तिथेच थांबते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून दस्त खरंच आहेत का ते घरबसल्या दिसतं, पण जुन्या नोंदी नेहमी मिळतात असं नाही. ३० वर्षांचा शोध वकिलाकडूनच घ्या, आणि वकील एजंटच्या ओळखीचा नको.

शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू बघा. प्रत्येक ट्रान्सफरची नोंद, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या तिथे असतात. पुढच्या बाजूला पहिल्या मालकाचं नाव आणि मागे काहीच नाही, तर आजच्या विकणाऱ्याचं सदस्यत्वच सोसायटीने अजून घेतलेलं नाही.

मालक वारलेले असतील तर नॉमिनीच्या सहीवर घर घेऊ नका. नॉमिनी मालक नसतो. सगळे वारस सही करतील, किंवा हक्कसोडपत्र नोंदलेलं असेल, किंवा मृत्युपत्राचं काम पूर्ण असेल. मुखत्यारपत्रावर विक्री असेल तर ते नोंदलेलं हवं, आणि लिहून देणारा आज हयात आहे हे व्हिडिओ कॉल करून स्वतः बघा. तो वारला की अधिकार संपतो.

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली सरकारी परवानगी) नसलेल्या इमारती आपल्याकडे ढिगाने आहेत. एजंट म्हणेल 'सगळेच राहतात'. राहतात, हे खरं. पण बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, त्यामुळे पुढे विकताना तुमच्याकडेही कर्ज न काढता घेणारा गिऱ्हाईकच यावा लागेल. त्या हिशेबाने किंमत कमी मागा, नाहीतर सोडून द्या. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, हेही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. पुनर्विकासाची चर्चा असलेल्या जुन्या इमारतीत हा पहिला प्रश्न.

पार्किंगवर तर रोज भांडणं होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं आहे की स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. तेव्हा 'पार्किंगसकट' हे शब्द ऐकून थांबू नका, सोसायटीचं वाटपपत्र मागा.

गच्चीवरचा

विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर? एजंट म्हणतो 'काही प्रॉब्लेम नाही, रोजचं आहे'.

हप्ता_बाकी

रोजचं आहेच, पण क्रम चुकला की घोडं अडतं.

विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून दोन कागद आणायचे: आज कर्ज फेडलं तर किती रक्कम लागेल याचं पत्र, आणि बँकेकडे मूळ कागद कोणते आहेत याची यादी. रकमेच्या पत्रावर मुदत असते, ती संपली की आकडा बदलतो. तुमची बँक त्या पत्रावरून पहिला चेक थेट विकणाऱ्याच्या कर्जखात्याच्या नावाने काढते. तुम्ही स्वतःच्या पैशांतून काही रक्कम भरणार असाल तर तीही कर्जखात्यातच भरा, विकणाऱ्याच्या बचत खात्यात नाही.

कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तरी ते ३० दिवस ताब्याच्या तारखेत धरा. दुसरं कर्ज लपवलेलं नाही ना हे सेरसाईच्या (तारण ठेवलेल्या मालमत्तांच्या केंद्रीय) नोंदणीत शोधता येतं. बँक ते करतेच, तुम्ही कर्ज न काढता घेत असाल तर स्वतः करा.

मुद्रांक

खिशातून किती लागतात याचा हिशेब एजंट अर्धाच सांगतो. पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांचा फ्लॅट धरा.

बँकेच्या नियमांनुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लाख. स्वतःचे १६ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के: ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. ब्रोकरेज १ टक्का ठरलं तर ८०,०००, जीएसटी असल्यास वर १४,४००. हे झाले साधारण २२ लाख ८४ हजार, आणि यातला मुद्रांक, नोंदणी, ब्रोकरेज या कशावरही कर्ज मिळत नाही. वकील, बँकेची प्रक्रिया फी आणि सोसायटीचं ट्रान्सफर वेगळं.

सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५,००० आहे. 'विकास निधी'च्या नावाखाली लाखभर मागतात, एजंट म्हणतो 'देऊन टाका, इथे असंच आहे'. त्यापेक्षा जास्त सक्तीने घेता येत नाही. हा प्रीमियम कोणी भरायचा ते टोकनच्या पावतीत लिहा.

मुद्रांक करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यांतल्या जास्त आकड्यावर बसतो. रेडी रेकनर करारापेक्षा १० टक्क्यांहून वर गेला तर फरकाची रक्कम खरेदीदाराचं उत्पन्न धरली जाऊ शकते. किंमत ठरवण्याआधी तो आकडा काढाच.

गच्चीवरचा

बायकोचं नाव पहिलं ठेवलं तर १ टक्का सवलत मिळते ना? एजंट तसंच सांगतोय.

मुद्रांक

नाही. निवासी घराचे सगळे खरेदीदार महिला असतील तरच. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतलं की सवलत गेली, नाव कुठल्याही क्रमाने असो. एकटीच्या नावावर घ्यायचं असेल तर कर्जात पतीला सहकर्जदार ठेवता येतं का, हे आधी बँकेला विचारा, एजंटला नाही.

टीडीएसही (पैसे देतानाच कापायचा आयकर) इथेच सांगतो. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का खरेदीदाराने कापून भरायचा. टोकनसकट प्रत्येक हप्त्यावर, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. दोन खरेदीदार आणि दोन विक्रेते असतील तर चार वेगळी चलनं. उशिराला दिवसाला २०० रुपये. विक्रेता अनिवासी असेल तर १ टक्क्याचा हा नियमच लागू नाही, कापायची रक्कम कितीतरी मोठी असते. 'मालक दुबईला असतो' हे एजंट सहज बोलून जातो, तुम्ही तिथेच थांबून सीए गाठा.

चेन_पूर्ण

किमतीचा काही भाग रोखीत मागतात, त्यावर कोणी बोललं नाही. 'साठ लाख कागदावर, वीस रोख वर' असं सुचवणारा एजंट तुमचा मुद्रांक वाचवतो असं दाखवतो. प्रत्यक्षात कर्ज साठवरच मिळतं, वीस रोख कुठून आले हे तुम्हाला सांगता येत नाही, व्यवहार मोडला तर ते परत मागायला कागद नसतो आणि पुढे विकताना खरेदी किंमत साठच धरली जाते. फायदा विकणाऱ्याचा.

ब्रोकरेजही खात्यातूनच द्या आणि बिल घ्या. पुढे घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात खरेदीच्या खर्चात दाखवायला ते लागतं.

साठेखत

नोंदणीच्या दिवसाबद्दल. डेटा एंट्री बहुतेक एजंटचा माणूस करतो. सही करण्याआधी त्याची प्रिंट हातात घ्या आणि बोट ठेवून वाचा: नावाचं स्पेलिंग, पॅन, फ्लॅट नंबर, विंग, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर. क्षेत्रफळात चौरस फूट आणि चौरस मीटरची गल्लत सर्रास होते. इंडेक्स टूवर चूक उतरली की चूक दुरुस्ती पत्रासाठी सगळ्यांना पुन्हा नोंदणी कार्यालयात यावं लागतं, आणि तेव्हा विकणारा किती उत्साहाने येईल ते तुम्हीच ठरवा.

दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदवता येतो. तेवढं ताणायचं कारण नाही.

गच्चीवरचा

ताब्याच्या दिवशी एजंटकडून काय काय करून घ्यायचं?

मीटर_रीडिंग

शेवटच्या रकमेआधी ही कामं: सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, मालमत्ता कराची चालू पावती, वीज आणि पाइप गॅसचं शेवटचं बिल भरल्याचा पुरावा. वीज मीटरचा फोटो रीडिंग आणि मीटर नंबर दिसेल असा काढा, विकणारा समोर असताना. चाव्यांचे सगळे जोड, लेटर बॉक्सची धरून. करारात लिहिलेल्या वस्तू, म्हणजे पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, यादीप्रमाणे टिक करून घ्या. 'फिटिंगसकट' एवढंच लिहिलेलं असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी जाते.

मग ताबा पावतीवर दोघांच्या सह्या, तारीख आणि वेळ. सोसायटीच्या ट्रान्सफरचे फॉर्म विकणाऱ्याच्या सहीने त्याच दिवशी भरून घ्या. त्यात त्याचा सदस्यत्वाचा राजीनामा आणि मूळ शेअर सर्टिफिकेट असतं, ते हातात आल्याशिवाय राहिलेले २५ टक्के ब्रोकरेज सोडू नका. मालमत्ता कर आणि वीज बिल नावावर करायला इंडेक्स टूची प्रत लागते, ती दोन-तीन जास्त काढून ठेवा.

कोपऱ्यावरचा_ब्रोकर

जुन्या मालकाची डिपॉझिटं यात राहिली. विजेचं सुरक्षा डिपॉझिट आणि पाइप गॅसचं डिपॉझिट त्याच्या नावावर असतं. नाव बदलताना ते त्याला परत जाणार की तुमच्या नावावर वर्ग होणार, आणि वर्ग झालं तर तेवढी रक्कम शेवटच्या चेकमध्ये त्याला द्यायची का, हे ठरवून घ्या. रक्कम छोटी असते, पण ताब्याच्या दिवशी अर्धा तास वाद याच्यावरच होतो.